घाट चढणारांची शिदोरी

ओझें वाहणारा कोणीही असो, बैल असो, आगगाडीचें इंजिन असो कीं डिझेलवर चालणारी मालमोटार असो, त्याच्या अंगावर वस्तुतः दोन ओझीं असतात. एक दुसऱ्याच्या मालाचें. त्याचें भाडें मिळतें. दुसरें स्वतःच्या अन्नाचें. त्याचें भाडें कोणी देत नाहीं. बैलाची वैरण, इंजिनाचा कोळसा व पाणी, मोटारीचें तेल हीं सर्व या दुसऱ्या ओझ्यांत मोडतात. शिदोरी थोडी घेतली तर वाटेंत अडकून पडण्याची भीति. भरपूर घेतली तर तितका माल कमी न्यावा लागतो. जड माल आणि लांबचा पल्ला यांची सांगड घालूं पाहणाऱ्या प्रत्येक पिढीपुढें हा पेंच उभा राहिला आहे.

सपाट मुलुखांत या प्रश्नाची धार चटकन् जाणवत नाहीं. ती पाहावयाची तर मावळांत यावें लागतें. कोंकणांतील खोपोलीहून लोणावळ्यास पोंचेपर्यंत थोड्याच मैलांत जमीन सुमारें अठराशें फूट वर चढते, आणि मुंबई बंदर व देश यांच्यामधील व्यापार शतकानुशतकें याच चढावरून झालेला आहे. बोरघाटाचा इतिहास म्हणून जो सांगितला जातो, तो बहुधा लढायांचा, रस्त्यांचा व बोगद्यांचा असतो. परंतु घाट चढणाराची शिदोरी कोणीं, कशी आणि कोठें ठेवली, या एकाच दृष्टीनें तो पाहिला, तर निरनिराळे दिसणारे पुष्कळ प्रसंग एका सूत्रांत ओंवले जातात.

प्रथम वंजाऱ्यांच्या तांड्यांचा काळ घ्यावा. कोंकणांतील मीठ व नारळ वर, आणि देशावरील धान्य व गूळ खालीं, अशी ही ये-जा पाठाळ बैलांच्या पाठीवरून होत असे. मालाचा बैल साधारणपणें शंभर-सव्वाशें किलो वजन वाहतो, आणि त्यास रोज सातआठ किलो तरी कोरडी वैरण लागते. ही वैरण त्यानेंच वाहावयाची ठरविली, तर पंधरवड्याच्या प्रवासांत तो आपल्या पाठीवरचें सारें ओझें स्वतःच खाऊन टाकील आणि विकावयास कांहीं उरणार नाहीं. तांडेवाल्यांना हें गणित लिहून दाखविण्याची गरज नव्हती. त्यांनीं वैरण कधीं फारशी लादलीच नाहीं. तांडा सावकाश चाले, गवत व पाणी असेल तेथें मुक्काम करी, आणि बैल वाटेवरच चरत. शिदोरी पाठीवर नव्हती. ती वाटेवर पसरलेली होती. म्हणूनच कोणत्या महिन्यांत कोणत्या कुरणांत चारा असतो आणि कोणता झरा केव्हां आटतो, हें ज्ञान त्या धंद्याचें खरें भांडवल होतें. बोरघाटांत जुन्या रस्त्यालगत शिंगरोबाचें मंदिर आहे. घाटाची वाट इंग्रजांना एका धनगरानें दाखविली, आणि पुढें त्यांनींच त्याचा जीव घेतला, अशी त्याची आख्यायिका सांगतात. तिचा पुरावा कागदोपत्रीं असो वा नसो, वाट दाखविणारा माणूस गुरें चारणारा असावा ही लोकांची समजूत मोठी अर्थपूर्ण आहे. चढ कोठें सोसतो आणि पाणी कोठें मिळतें, हें त्याच्यावांचून दुसऱ्या कोणास अधिक ठाऊक असणार?

वाटेवरच्या शिदोरीवर विसंबण्यांत एक धोका आहे. ती दुसऱ्याच्या हातीं असते. याचा सर्वांत मोठा दाखला मावळानेंच दिला. इ. स. १७७८ च्या अखेरीस राघोबादादांस पुण्यास परत आणून बसविण्यासाठीं मुंबईकर इंग्रजांची फौज पनवेलवरून बोरघाट चढून आली. लढाऊ माणसें चार हजारांच्या आंतच होतीं. परंतु तोफा, दारूगोळा, तंबू व शिधा नेण्यासाठीं तिच्याबरोबर एकोणीस हजारांवर बैल होते. दर बैलास रोज सहाच किलो वैरण धरली, तरी एकशें दहा टनांहून अधिक वैरण या फौजेस दररोज हवी. एवढी वैरण बरोबर नेणें अशक्य. ती मावळच्या गांवांतूनच मिळवावयाची. फौजेची चालहि त्या ओझ्याला साजेशीच होती. घाटमाथ्यावरून कार्ल्यापर्यंतचे सुमारें आठ मैल चालावयास तिला अकरा दिवस लागले.

नाना फडणवीस, महादजी शिंदे, तुकोजी होळकर आणि हरिपंत फडके यांनीं या दुबळेपणाचा अचूक उपयोग केला. समोरासमोर एक मोठी लढाई देऊन निकाल लावण्यापेक्षां त्यांनीं शत्रूला पुढें येऊं दिलें, त्याच्या पिछाडीच्या वाटा धरल्या, आणि त्याच्या पुढचा मुलूख उजाड केला. कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट, ज्यास मराठी लोक इष्टुर फाकडा म्हणून ओळखतात, तो तोफेच्या गोळ्यानें पडला. ९ जानेवारी १७७९ रोजीं फौज तळेगांवास पोंचली, तेव्हां गांव जाळून बेचिराख केलेलें होतें. पुढें चिंचवड व खुद्द पुणेंहि जाळण्याची मराठ्यांची तयारी आहे, अशी बातमी छावणींत आली. पुणें अवघें अठरा मैलांवर राहिलें असतां ११ जानेवारीच्या रात्रीं इंग्रजांनीं माघार घेतली. जड तोफा तळेगांवच्या तळ्यांत लोटण्यांत आल्या, बरेंचसें सामान जाळण्यांत आलें, आणि चारच दिवसांच्या आंतबाहेर वडगांव येथें त्यांस मानहानीचा तह पत्करावा लागला. पराभवाचें हें एकच कारण होतें असें नव्हे. सेनापतींतील बेबनाव, आजारपण व मराठ्यांचें संख्याबळ हीं कारणेंहि होतींच. परंतु ज्या फौजेचे बैल शत्रूच्या गंजींवर जगावयाचे, तिचें भवितव्य त्या गंजींना काडी लागतांच ठरल्यासारखें होतें. आणि हेंहि विसरतां कामा नये कीं, त्या गंजी मावळच्या शेतकऱ्यांच्या होत्या. विजय पुणेंकरांचा झाला. वर्षाची वैरण मावळकरांची गेली.

पुढें पेशवाई गेली आणि १८३० सालीं, सर जॉन माल्कम गव्हर्नर असतां, बोरघाटांतून गाड्यांचा पक्का रस्ता खुला झाला. बैलाच्या पाठीवरचें ओझें चाकांवर आलें, तेव्हां एकाच जोडीला पूर्वीच्या कितीतरी पट माल ओढतां येऊं लागला. परंतु सपाटीवर जो भार जोडी सहज ओढी, तोच घाटांत तिला जड होई. घाटांत गाडी चढवावयाची म्हणजे पुढें जास्तीची जोडी जुंपावयाची आणि माथ्यावर ती सोडावयाची, हा सर्व सह्याद्रींतील गाडीवानांचा रिवाज आहे. चढापुरतें बळ चढाच्या पायथ्याशींच उसनें घ्यावें, तें सगळी वाट पोसूं नये, हें त्यांतील तत्त्व. टपालाच्या घोड्यांसहि टप्प्याटप्प्यावर बदली घोडा व चंदी तयार ठेवण्यांत येई, तेंहि याच तत्त्वानें. हें तत्त्व पुढें आगगाडीनेंहि उचललें, आणि आजहि सोडलेलें नाहीं.

ग्रेट इंडियन पेनिनशुला रेल्वेनें पुणें ते खंडाळा हा फांटा १४ जून १८५८ रोजीं खुला केला. खालीं खोपोलीपर्यंत गाडी आधींच आलेली होती. मधला घाट मात्र उतारूंना पांच वर्षें पालखी, तट्टू किंवा बैलगाडी यांनींच ओलांडावा लागे. घाटाच्या कामास १८५६ सालीं आरंभ झाला. जेम्स बर्कले हा मुख्य इंजिनियर, आणि विल्यम फॅव्हिएल हा पहिला कंत्राटदार. १८५९ च्या आरंभीं मजुरी थकल्यावरून मजुरांचा उठाव झाला, आणि त्याच वर्षीं फॅव्हिएलनें काम सोडलें. त्याच्यामागून आलेला सॉलोमन ट्रेडवेल हिंदुस्थानांत उतरल्यावर थोड्याच आठवड्यांत वारला, आणि त्याची पत्नी अॅलिस ट्रेडवेल हिनें तें कंत्राट स्वतःच्या नांवें चालवून तडीस नेलें. भरांत असतां या कामावर चाळीस हजारांहून अधिक मजूर राबत होते, आणि पटकीनें व अपघातांनीं त्यांच्यांतील पुष्कळ दगावले. २१ एप्रिल १८६३ रोजीं गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या हस्तें घाटमार्ग खुला झाला. लांबी जवळजवळ सोळा मैल, चढ १,८३१ फूट, बोगदे पंचवीस, आणि जेथें चढ सर्वांत उभा तेथें सदतीस फुटांस एक फूट. कडा इतका अडचणीचा कीं, खंडाळ्याखालीं एके ठिकाणीं गाडी थांबवून, इंजिन दुसऱ्या टोकास लावून, उलट दिशेनें वर न्यावी लागे. त्या जागेस रिव्हर्सिंग स्टेशन म्हणत.

आतां बैलाच्या जागीं वाफेचें इंजिन आलें, आणि शिदोरीचा प्रश्न अधिकच बिकट झाला. कारण इंजिन वाटेवर चरत नाहीं. एक टन वजन घाटाच्या उंचीइतकें उचलावयास लागणारी शक्ति विजेच्या मापानें दीड युनिटाच्या आसपास भरते. हा आंकडा निसर्गाचा आहे. तो बैलासहि तितकाच आणि मोटारीसहि तितकाच. परंतु त्या काळचें इंजिन कोळशांतील शक्तीचा विसावा हिस्सासुद्धां मोठ्या मुष्किलीनें चाकांपर्यंत पोंचवी. त्यामुळें टनामागें सुमारें चार किलो कोळसा केवळ उंचीसाठीं जळे, आणि किलोभर कोळशामागें सातएक लिटर पाण्याची वाफ होई. दोनशें टनांची गाडी धरली, तर आठशें किलो कोळसा आणि साडेपांच हजार लिटरांवर पाणी झालें. चाकांचें घर्षण, थांबे व वळणें यांचा खर्च यांत धरलेलाच नाहीं. म्हणजे वाफेच्या इंजिनाची खरी भूक कोळशाची नव्हे, तर पाण्याची होती. घाटांतील आगगाडीच्या व्यवस्थेंत पाण्याच्या टाक्यांना एवढें महत्त्व कां, याचें उत्तर येथें आहे.

हें पाणी न्यावें कोठें? सपाटीवरच्या इंजिनामागें कोळशापाण्याचा वेगळा डबा जोडलेला असतो. घाटांत तो डबा म्हणजे निव्वळ ओढावें लागणारें मढें. त्यावर इंजिनियरांनीं काढलेली तोड चातुर्याची होती. घाटासाठीं खास बांधलेल्या इंजिनांत पाण्याची टाकी खोगिरासारखी बाष्पपात्राच्या पाठीवर बसविली. त्यामुळें पाण्याचें वजन ओढणाऱ्या चाकांवर पडे, आणि ओल्या रुळांवर चाकें घसरण्याऐवजीं घट्ट पकड घेत. जें ओझें शत्रू होतें तेंच मित्र झालें. तथापि मित्र तोहि अर्ध्या वाटेचाच. गाडी जसजशी वर जाई तसतशी टाकी रिती होई आणि पकडहि तितकी ढिली पडे. टाकी मोठी करावी तर पूल व रूळ यांवर भार वाढे. लहान ठेवावी तर वाटेंत थांबावें लागे. शिदोरी वाढविणें म्हणजे केवळ भांडें मोठें करणें नव्हे, ही गोष्ट येथें प्रथम स्पष्ट झाली.

चढण्याइतकेंच उतरणेंहि कठीण होतें. अठराशें फूट उंचीवर चढविलेली शक्ति उतरतांना नाहींशी होत नाहीं. ती गाडीच्या वेगांत उतरूं पाहते, आणि तिला ब्रेकनें उष्णता करून उधळावें लागतें. १८६९ च्या जानेवारींत उतरणारी एक गाडी हाताबाहेर जाऊन रिव्हर्सिंग स्टेशनाचा बांध ओलांडून कोसळली आणि माणसें मेलीं. बेफाम सुटलेल्या गाडीस मुख्य मार्गावरून वळवून चढत्या रुळावर घालावयाचें आणि तिचा वेग तेथें जिरवावयाचा, ही कॅच साइडिंगची योजना बोरघाटाची ओळखच बनली. शिदोरी संपणें हा एक धोका. सांठलेली शक्ति आवरतां न येणें हा दुसरा. घाटाच्या इतिहासांत हे दोन्ही धोके हातांत हात घालून चालतात.

विसाव्या शतकाच्या आरंभीं मावळाच्या पावसाकडे निराळ्या नजरेनें पाहण्यांत आलें. लोणावळ्यास वर्षाकाठीं चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि तो ज्या कड्यावर पडतो त्याच्या पायथ्याशीं खोपोली आहे. १९१० सालीं टाटा जलविद्युत् कंपनी स्थापन झाली. १९११ सालीं लोणावळ्यास धरणाची कोनशिला बसली. लोणावळें, वळवण व शिरवता या तलावांचें पाणी नळांतून सुमारें सव्वासतराशें फूट खालीं सोडून १९१५ सालीं खोपोलीच्या वीजघरांतून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळूं लागली. १९२२ सालीं आंदर मावळांतील ठोकरवाडीच्या धरणावर भिवपुरीचें वीजघर सुरू झालें. ज्या उंचीवर माल चढविण्यासाठीं पिढ्यान्‌पिढ्या बैल व इंजिनें धापा टाकीत होतीं, तीच उंची आतां शक्तीचें उगमस्थान ठरली. गणित मोठें मनोरंजक आहे. एक टन माल घाट चढविण्यास जितकी शक्ति लागते, तितकीच, वाटेंतील गळती जमेस धरतां, दीडदोन टन पाणी तोच घाट उतरतांना देऊं शकतें.

या शिदोरीलाहि किंमत होती. तलावांखालीं मावळच्या खोऱ्यांतील शेतें व घरें गेलीं. शेजारच्या मुळशी पेट्यांत १९२१ सालीं सेनापति बापट यांच्या पुढाकारानें जो सत्याग्रह झाला, तो याच धर्तीच्या धरणाविरुद्ध होता. मुंबईच्या गिरणीचें चाक फिरण्यासाठीं लागणारें अन्न कोणाच्या ताटांतून काढावयाचें, हा त्या सत्याग्रहाचा प्रश्न होता; आणि तो तळेगांवच्या जळालेल्या गंजींच्या प्रश्नाहून फार वेगळा नव्हता.

१९२९–३० सालीं कल्याण ते पुणें हा लोहमार्ग विजेवर चालूं लागला. नवा मार्ग आंखून रिव्हर्सिंग स्टेशन बंद करण्यांत आलें. स्वित्झर्लंडमध्यें आंखणी झालेलीं लांब नाकाडांचीं मालगाडीचीं इंजिनें घाटांत आलीं. बाहेरच्या जगांत त्यांस मगर म्हणत; येथल्या लोकांनीं त्यांचें नांव खेंकडा ठेविलें. १ जून १९३० रोजीं डेक्कन क्वीन सुरू झाली. या बदलाचा खरा अर्थ वेगापेक्षां शिदोरींत आहे. इंजिनाच्या अंगावरचें दुसरें ओझें संपूर्ण उतरलें. कोळसा नाहींसा झाला नव्हता. रेल्वेनें कल्याणजवळ चोळा येथें जें स्वतःचें वीजघर बांधलें, तें कोळशावरच चालणारें होतें. परंतु चूल आतां गाडीवर नव्हती; ती एका जागीं होती, आणि तिची ऊब तारेवरून धांवत होती. शिवाय उतरणाऱ्या गाडीची शक्ति तारेंत परत घालण्याची सोय या पद्धतींत करतां येते, म्हणजे उतरणारा चढणाराला हात देऊं शकतो. आणि गाडीवानांची ती जास्तीची जोडी? तीहि राहिलीच. कर्जतला गाडीच्या मागें ढकलणारीं इंजिनें लागतात आणि लोणावळ्यास सुटतात.

एवढें सर्व झाल्यावर माल पुन्हां स्वतःची शिदोरी स्वतः वाहणाऱ्याच्या पाठीवर कां गेला, हा प्रश्न साहजिक आहे. याचें उत्तर रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनियराच्या यंत्रांत आहे. १८९७ सालीं ऑग्सबुर्ग येथें त्याचें यंत्र यशस्वी रीतीनें चाललें. वाफेचें इंजिन जेथें शक्तीचा विसावा हिस्सा चाकांस देई, तेथें आजचें डिझेल इंजिन तिसऱ्या हिश्शाहून अधिक देतें, आणि त्याला प्यावयास पाणी लागत नाहीं. एक लिटर डिझेलचें वजन किलोहूनहि कमी. परंतु त्यांतून साडेतीन-चार युनिटें काम निघतें. रूळ व तार यांच्या बंधनांतून सुटून कारखान्याच्या दारापासून दुकानाच्या दारापर्यंत जाण्याची मुभा या हलक्या शिदोरीनें दिली. १९४५ सालीं आगगाडीचीं इंजिनें बांधण्यासाठीं निघालेल्या टाटांच्या टेल्को कंपनीनें १९५४ सालीं डाइम्लर-बेंझच्या सहकार्यानें डिझेल मालमोटारी बांधावयास घेतल्या, आणि पुढें मावळच्या उंबरठ्यावर पिंपरीस कारखाना काढला. शिदोरीच्या इतिहासांतील स्थित्यंतर एकाच कंपनीच्या इतिहासांत असें उमटलें आहे. २००२ सालीं मुंबई–पुणें द्रुतगति मार्ग पूर्ण झाला. न्हावाशेवा बंदर आणि तळेगांव-चाकणचा कारखान्यांचा पट्टा यांमधील कंटेनर ओढणारे ट्रेलर तेव्हांपासून रात्रंदिवस हा घाट चढूं-उतरूं लागले.

या ट्रेलरांच्या बाबतींत शिदोरीचें गणित पुन्हां मांडून पाहण्यासारखें आहे. एकूण चाळीस टनांचा ट्रेलर खोपोलीहून लोणावळ्यास आला, कीं केवळ उंचीसाठीं त्याचें पंधरा-सोळा लिटर डिझेल खर्ची पडतें. सपाटीवर तेवढ्यांत तो पन्नासएक किलोमीटर जाईल. असा ट्रेलर लिटरामागें तीन-साडेतीन किलोमीटर चालतो असें धरलें, तर चारशें लिटरांची टाकी त्यास मुंबईहून जवळजवळ दिल्लीपर्यंत नेते. मग टाकी आणखी मोठी कां नसावी, किंवा चासीच्या दुसऱ्या बाजूस दुसरी टाकी कां बसवूं नये? लांबच्या पल्ल्यावरील मालक-चालकांना हा विचार सुचतो त्यास कारणेंहि आहेत. डिझेलवरील कर राज्याराज्यांत वेगळा असल्यानें स्वस्त राज्यांत टाकी भरून महाग राज्य तसेंच ओलांडावें, यांत चार पैसे सुटतात. शिवाय थांबे कमी होतात, आणि अनोळखी पंपावरच्या भेसळीची भीति टळते.

परंतु खोगिराच्या टाकीनें जो धडा दिला, तोच येथेंहि लागू पडतो. चारशें लिटर डिझेल म्हणजे सुमारें तीनशें पस्तीस किलो वजन. गाडीच्या एकूण वजनाची व प्रत्येक आंसावरील भाराची मर्यादा कायद्यानें ठरलेली असल्यानें, तेवढा माल कमी घ्यावा लागतो. द्रव पदार्थाचा स्वभाव आणखी निराळा. अर्ध्या भरलेल्या मोठ्या टाकींतील डिझेल ब्रेक लागतांच पुढें आणि चढावर मागें धांवतें. म्हणून टाकीच्या आंत आडवे पडदे लागतात. टाकी तळाला आलेली असतां घाट चढूं लागल्यास तेल मागच्या कोपऱ्यांत जमतें, शोषक नळीचें तोंड उघडें पडतें आणि तेलाच्या जागीं हवा इंजिनाकडे जाते. एकदां हवा शिरली कीं डिझेल इंजिन बंद पडतें, आणि नळ्यांतील हवा काढल्यावांचून पुन्हां सुरू होत नाहीं. तोंवर मागें घाटभर वाहनांची रांग लागते. दोन टाक्या नळीनें जोडल्या असल्या, तर तिरक्या रस्त्यावर एकींतील तेल दुसरींत वाहून जातें. म्हणून त्यांमध्यें झडप हवी, हवा खेळण्यास वेगळी वाट हवी, आणि इंजिनांतून परत येणारें गरम तेल नेमकें कोणत्या टाकींत सोडावयाचें हेंहि ठरलेलें हवें. हें सर्व कारखान्यांत आंखून झालें तर ठीक. रस्त्याकडेच्या गॅरेजांत पत्रा जोडून केलेली टाकी ही शिदोरी नव्हे, तें संकट होय. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानें वाहनाच्या मूळ रचनेंत परस्पर फेरफार करण्यास जी मनाई केली आहे, तिचें मर्म हेंच. ज्वालाग्राही द्रव घाटांत सांडला तर काय होतें, हें १३ जून २०२३ रोजीं लोणावळ्या-खंडाळ्यादरम्यान कुणे येथील पुलावर टँकर उलटून पेटला तेव्हां दिसून आलें. पुलाखालच्या रस्त्यावरून जाणारीं, त्या टँकरशीं कांहीं संबंध नसलेलीं माणसेंहि त्या आगींत सांपडलीं.

आणि शिदोरी वांचविण्याचा मोह हा तर सर्वांत घातक. घाट उतरतांना गिअर काढून गाडी मोकळी सोडली कीं थेंबभर डिझेल वांचतें, अशी जुनी समजूत कित्येक चालकांत रुजलेली आहे. वस्तुतः गिअरमध्यें उतरणारी गाडी चाकांच्या जोरावरच इंजिन फिरविते, आणि आजच्या इंजिनांत तेवढा वेळ तेलाचा पुरवठा जवळजवळ बंदच असतो. बचत होत नाहींच. उलट इंजिनाचा आवर नाहींसा होऊन चाळीस टनांचा सारा वेग ब्रेकांवर येतो. ब्रेक तापतात आणि निकामी होतात. पुढें काय घडतें, तें घाटाखालच्या गांवांना सांगावयास नको. १८६९ सालच्या आगगाडीसाठीं निदान तिच्या मागून कॅच साइडिंगें तरी झालीं.

पुढचा अध्याय विजेच्या बॅटरीवर चालणाऱ्या मालमोटारींचा आहे, आणि त्यांनाहि हा घाट तोच प्रश्न विचारणार आहे. ज्या चढासाठीं ट्रेलरला तेरा-चौदा किलो वजनाचें डिझेल पुरतें, त्याच चढासाठीं सुमारें चारशें किलो वजनाच्या बॅटरींतील सांठा लागतो. मात्र उतरतांना त्यांतला बराचसा परत मिळूं शकतो; ही गोष्ट बैलास, वाफेस वा डिझेलला कधींहि साधली नाहीं. तेव्हां बॅटरी मोठी करावी, कीं घाटाच्या पायथ्याशीं व माथ्यावर ती भरण्याची सोय करावी, हा वाद पुन्हां होईल. तांडेवाल्यांनीं वाटेवर कुरणें राखलीं, गाडीवानांनीं पायथ्याशीं जोडी ठेवली, रेल्वेनें तार ओढली. या तिन्ही उत्तरांत शिदोरी अंगावरून उतरवून वाटेवर ठेवण्याचाच मार्ग पत्करलेला दिसतो. अंगावरची शिदोरी वाढविण्यानें पल्ला वाढतो खरा, परंतु त्याबरोबर वजन वाढतें आणि जोखीमहि वाढते. वाटेवर ठेवलेली शिदोरी हलकी पडते. मात्र ती सांभाळणारें कोणी लागतें, आणि ती कोणाच्या शेतांतून, कोणाच्या पाण्यांतून आली याचा हिशेब द्यावा लागतो. या दोन मार्गांतला कोणताहि पत्करला, तरी तो हिशेब मावळच्या लोकांना विचारूनच मांडला गेला पाहिजे. कारण अडीचशें वर्षें या घाटाची चढण दुसऱ्यांची आणि शिदोरी बहुतेक वेळां त्यांची होती.